चर्चिल डंडीत कसे हरले? दोन मतांच्या मतदारसंघाची गोष्ट

15 नोव्हेंबर 1922 रोजी ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, टे नदीच्या मुखाशी वसलेल्या डंडी शहराचा निकाल असा लागला: एडविन स्क्रिमजर 32,578, ई. डी. मोरेल 30,292, डी. जे. मॅकडोनाल्ड 22,244, विन्स्टन चर्चिल 20,466, आर. आर. पिल्किंग्टन 6,681 आणि विल्यम गॅलॅकर 5,906.

चर्चिल चौदा वर्षं इथले खासदार होते आणि काही आठवड्यांपूर्वीपर्यंत मंत्रिमंडळात होते. ते चौथे आले. पहिले आले ते स्क्रिमजर, ज्यांच्या राजकारणाचा पाया एकच होता: संपूर्ण दारूबंदी. ब्रिटिश संसदेत केवळ दारूबंदीच्या नावावर निवडून आलेले ते एकमेव खासदार. ही घटना बहुतेक वेळा एक गंमत म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. डंडीच्या लोकांनी त्या दिवशी काय केलं हे समजून घ्यायचं, तर मतदारसंघाची रचना समजून घ्यावी लागते, आणि ती आजच्या पद्धतीपेक्षा बरीच वेगळी होती.

वरच्या सहा आकड्यांची बेरीज 1,18,167 होते. एवढ्या लोकांनी त्या दिवशी मतदान केलेलं नव्हतं. मतदार साधारण त्याच्या निम्मे होते. डंडीला एकाच वेळी दोन खासदार निवडून द्यायचे असत आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं असत. 1868 ते 1950 या काळातलं डंडीचं सगळं राजकारण या दोन मतांभोवती फिरलं.

त्याआधीचा काळ थोडक्यात. 1832 पूर्वी डंडीला स्वतःचा खासदारच नव्हता. पर्थ, डंडी, फॉरफर, कूपर आणि सेंट अँड्र्यूज या पाच गावांना मिळून एक खासदार होता, आणि तोही जनता निवडत नसे. प्रत्येक गावची नगर परिषद एक प्रतिनिधी पाठवायची आणि ते पाच जण मिळून खासदार ठरवायचे. संपूर्ण स्कॉटलंडमध्ये तेव्हा जेमतेम साडेचार हजार मतदार होते. 1832 च्या सुधारणा कायद्याने ही संख्या 65 हजारांच्या आसपास गेली, आणि डंडी स्वतंत्र मतदारसंघ झाला. वर्षाला किमान दहा पौंड भाड्याच्या योग्यतेचं घर असलेल्या पुरुषांनाच मत होतं. गिरणी कामगार अजून बाहेरच होते.

या नव्या मतदारसंघाने निवडलेला पहिला माणूस मात्र विलक्षण होता. जॉर्ज किनलॉख हे जमीनदार, पण जहाल सुधारणावादी. 1819 मध्ये मँचेस्टरमध्ये सभेला जमलेल्या लोकांवर घोडदळ घालण्यात आलं (हेच पीटरलू हत्याकांड), त्याचा निषेध करायला डंडीच्या मॅग्डलेन ग्रीन या मैदानावर प्रचंड सभा झाली. किनलॉख तिथे बोलले. सरकारने राजद्रोहाचा खटला भरला. ते फ्रान्सला निघून गेले आणि त्यांना फरारी घोषित करण्यात आलं. पुढे माफी मिळाल्यावर ते परतले, आणि तेरा वर्षांपूर्वी ज्या सुधारणेसाठी देश सोडावा लागला होता, त्याच सुधारणेने दिलेल्या जागेवरून डिसेंबर 1832 मध्ये संसदेत गेले. काही महिन्यांतच, मार्च 1833 मध्ये, लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचा पुतळा आजही डंडीच्या अल्बर्ट चौकात आहे.

मग शहर बदललं, आणि ते बदललं बंगालच्या तागामुळे. डंडीत आधी जवसाच्या धाग्याचं कापड विणलं जायचं. 1830 च्या दशकात असं लक्षात आलं की तागाचा राठ धागा देवमाशाच्या तेलाने मऊ केला तर तो यंत्रावर चालतो. डंडी हे देवमाशांच्या शिकारीचंही बंदर होतं, त्यामुळे तेल हाताशी होतं. क्रिमियन युद्धात रशियातून येणारा जवसाचा धागा अडला आणि तागाची चलती झाली. अमेरिकेच्या यादवी युद्धाने मागणी आणखी वाढवली. पोती, गोणपाट, तंबू, गालिच्यांची पाठ हे सगळं डंडीत बनू लागलं. लॉखी भागातला कॅम्परडाउन कारखाना जगातला सर्वांत मोठा ताग कारखाना म्हणून ओळखला जाई. 1901 च्या सुमारास शहराची लोकसंख्या दीड लाखाच्या वर गेली होती.

या गिरण्यांत बहुसंख्य कामगार बायका होत्या, कारण त्यांना कमी मजुरी देता येई. वयात आलेल्या मुलांना पुरुषाची मजुरी द्यावी लागू नये म्हणून कामावरून काढलं जाई. घरोघरी बाई गिरणीत आणि नवरा घरी, अशी परिस्थिती होती. आयर्लंडमधून आलेली हजारो कुटुंबं लॉखीत राहत होती. दुसरीकडे, डंडीच्याच मालकांनी आणि व्यवस्थापकांनी हुगळीच्या काठी गिरण्या उभ्या केल्या होत्या, आणि शतक संपेपर्यंत कलकत्ता डंडीला मागे टाकून गेलं. बंगालचा शेतकरी, कलकत्त्याचा मजूर आणि डंडीची कामगार बाई हे तिघे एकाच साखळीत बांधले गेले. मत मात्र यातल्या कुणालाच नव्हतं.

1868 मध्ये दुसरी मोठी सुधारणा झाली आणि वाढत्या डंडीला दुसरा खासदार मिळाला. शहराचे दोन भाग न करता आहे त्याच मतदारसंघाला दोन जागा दिल्या. 1885 मध्ये मोठी पुनर्रचना झाली तेव्हा ग्लासगो सात आणि एडिंबरा चार तुकड्यांत विभागलं गेलं, अॅबरडीनचेही दोन भाग झाले. पण 50 हजार ते 1 लाख 65 हजार लोकवस्तीची, आधीपासून दोन खासदार असलेली शहरं तशीच ठेवायची असा नियम होता. डंडी त्यात बसलं. त्यामुळे तिथून पुढे 1950 पर्यंत, विद्यापीठांचा मतदारसंघ सोडला तर, एकाहून जास्त खासदारांचा स्कॉटलंडमधला हा एकमेव मतदारसंघ राहिला.

दोन मतांचे नियम साधे होते. दोन्ही मतं एकाच उमेदवाराला देता येत नसत. दोन वेगवेगळ्या उमेदवारांना एकेक द्यायचं, किंवा एकच मत देऊन दुसरं सोडून द्यायचं. मोजणीत पहिल्या दोन क्रमांकांवर येणारे निवडून येत. ऐकायला सरळ आहे, पण यातून तीन गोष्टी घडतात. एकाच पक्षाने दोन उमेदवार दिले आणि त्याचे मतदार शिस्तीने दोघांनाही मत देत गेले, तर निम्म्याहून थोडी जास्त माणसं दोन्ही जागा घेऊन जातात. दोन वेगळ्या पक्षांनी एकेकच उमेदवार दिला, तर त्यांचे मतदार दुसरं मत एकमेकांना देऊ शकतात, कुठलाही करार कागदावर न आणता. आणि पोटनिवडणुकीत मात्र जागा एकच रिकामी असते, म्हणून मतही एकच उरतं आणि अशी जोडी मोडते.

हे गणित मराठी वाचकांना परकं वाटायचं कारण नाही. भारताच्या 1951-52 आणि 1957 च्या लोकसभा निवडणुकांतही दोन जागांचे मतदारसंघ होते, 1961 च्या कायद्याने ते बंद झाले. आपल्याकडे दोनपैकी एक जागा राखीव असे, हा महत्त्वाचा फरक. पण दोन मतं दोन वेगळ्या उमेदवारांना, हा नियम तोच होता. 1952 मध्ये मुंबई शहर उत्तर या मतदारसंघात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांची जोडी काँग्रेसच्या वि. बा. गांधी आणि नारायण काजरोळकर यांच्याविरुद्ध उभी होती. कम्युनिस्टांचे श्रीपाद अमृत डांगेही रिंगणात होते. राखीव जागेवर काजरोळकर जिंकले. दोन्ही मतं एकाच पेटीत टाकल्यामुळे बाद झालेल्या मतांचा प्रश्न पुढे आंबेडकर आणि मेहतांनी निवडणूक याचिकेत उपस्थित केला. उमेदवार केवढाही मोठा असो, दुसरं मत कुठे जातं यावर त्याचं भवितव्य ठरतं. मुंबईत ते दिसलं आणि डंडीत ते पुन्हा पुन्हा दिसत आलं होतं.

डंडीत सुरुवातीची चाळीस वर्षं लिबरल म्हणजे उदारमतवादी पक्षाची मक्तेदारी होती. त्या काळातलं एक नाव सांगायलाच हवं. 1874 ते 1880 खासदार असलेले एडवर्ड जेंकिन्स यांचा जन्म बंगळुरूचा. संसदेत जाण्याआधी ते ब्रिटिश गयानात जाऊन आले होते, आणि तिथल्या मळ्यांवर कराराने बांधून नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांच्या हालअपेष्टांवर त्यांनी लिहिलं होतं.

पहिला मोठा धक्का 1906 मध्ये बसला. लिबरलांचे दोन उमेदवार होते, एडमंड रॉबर्टसन आणि हेन्री रॉबसन. मजूर पक्षाने फक्त एक उभा केला: जहाजबांधणी कामगारांच्या संघटनेचे नेते अलेक्झांडर विल्की. रॉबर्टसन पहिले आले, पण दुसऱ्या जागेवर रॉबसनऐवजी विल्की. स्कॉटलंडमधून निवडून आलेल्या मजूर पक्षाच्या पहिल्या दोन खासदारांपैकी ते एक. त्याच निवडणुकीत दक्षिण ध्रुवाच्या मोहिमांमुळे प्रसिद्ध असलेले अर्नेस्ट शॅकल्टन लिबरल युनियनिस्ट, म्हणजे लिबरलांतून फुटून हुजूर पक्षाला मिळालेल्या गटाचे, म्हणून उभे होते. ज्या ‘डिस्कव्हरी’ जहाजातून ते अंटार्क्टिकाला गेले होते ते डंडीतच बांधलेलं, त्यामुळे शहरात त्यांचं कौतुक होतं. मतं मिळाली 3,865 आणि क्रमांक चौथा.

दोन वर्षांनी रॉबर्टसन उमराव सभागृहात गेले आणि जागा रिकामी झाली. इथे चर्चिल येतात. त्या काळी एक विचित्र नियम होता: खासदार मंत्री झाला की त्याने पुन्हा निवडणूक लढवायची. हा नियम पूर्णपणे रद्द झाला 1926 मध्ये. एप्रिल 1908 मध्ये चर्चिल व्यापारमंत्री झाले, नियमाप्रमाणे मँचेस्टरमध्ये पुन्हा उभे राहिले आणि पडले. लिबरलांनी त्यांना डंडी दिलं. 9 मे 1908 च्या पोटनिवडणुकीत एकच मत असल्यामुळे लिबरल-मजूर जोडीला वाव नव्हता आणि मजूर पक्षाने स्वतःचा उमेदवार दिला. निकाल: चर्चिल 7,079, युनियनिस्ट जॉर्ज बॅक्स्टर 4,370, मजूर पक्षाचे स्टुअर्ट 4,014, आणि शेवटी 655 मतं घेऊन एडविन स्क्रिमजर. प्रचारात स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या मेरी मलोनी चर्चिलच्या सभांमध्ये मोठी घंटा वाजवून त्यांचं भाषण बंद पाडत. ज्या शहराचा संसार बायकांच्या मजुरीवर चालत होता तिथे हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा असेल, याचा विचार चर्चिलनी फारसा केलेला दिसत नाही. जागा जन्मभराची मिळाली, असं त्यांचं मत झालं होतं.

1910 मध्ये दोनदा निवडणुका झाल्या. लिबरल आणि मजूर पक्षाने एकेकच उमेदवार दिला आणि दुसऱ्या मतांची देवाणघेवाण चोख झाली. जानेवारीत चर्चिलना 10,747 आणि विल्कींना 10,365 मतं पडली. दोन आकडे एवढे जवळ आहेत ते योगायोगाने नव्हे. बहुतेक तेच लोक दोघांनाही मत देत होते. म्हणजे चर्चिलच्या मतांतला मोठा हिस्सा मजूर पक्षाच्या मतदारांचा होता, आणि जोडीदार बदलला की तो जाणार होता.

स्क्रिमजर मात्र प्रत्येक वेळी उभे राहत होते. डंडीतच जन्मलेले, नगरसेवक, कडवे धार्मिक आणि तितकेच समाजवादी. दारू त्यांच्या दृष्टीने गरिबांना गरीब ठेवण्याचं साधन होतं, आणि पगाराच्या दिवशी घरी काय पोचतं हे रोज पाहणाऱ्या बायकांना ते पटत होतं. 1917 मध्ये चर्चिल पुन्हा मंत्री झाले, पुन्हा पोटनिवडणूक झाली, आणि समोर एकटे स्क्रिमजर होते. 7,302 विरुद्ध 2,036 असे ते हरले. 1918 मध्ये त्यांची मतं 10,423 झाली.

आता 1922 कडे परत येऊ. 1918 च्या कायद्याने सर्व प्रौढ पुरुषांना आणि तिशीवरच्या बहुतेक स्त्रियांना मत मिळालं होतं. पण त्या वर्षीची निवडणूक महायुद्ध संपल्यावर लगेच झाली. हजारो सैनिक अजून परदेशात होते. डंडीत चार उमेदवारांना मिळून 68,802 मतं पडली, म्हणजे मतदान करणारे साधारण 34 ते 35 हजार. 1922 मध्ये हाच आकडा साठ हजारांच्या घरात गेला. चर्चिलना 1918 मध्ये 25,788 मतं होती आणि 1922 मध्ये 20,466. त्यांनी पाच हजार मतं गमावली, हे खरं. पण स्क्रिमजरनी बावीस हजार मिळवली. मला या सगळ्या आकड्यांत हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चर्चिलना त्यांच्या जुन्या मतदारांनी टाकलं, असं अनेकदा लिहिलं जातं. त्यापेक्षा मोठी गोष्ट ही की आधी मतपेटीपर्यंत न पोचलेलं डंडी त्या दिवशी पोचलं.

आणि जोडी बदलली होती. विल्की निवृत्त झाले. मजूर पक्षाने या वेळीही एकच उमेदवार दिला, ई. डी. मोरेल. काँगोमध्ये बेल्जियमच्या राजाने रबरासाठी चालवलेल्या अत्याचारांना जगासमोर आणणारे हेच मोरेल. महायुद्धाला विरोध केल्याबद्दल तुरुंगवास भोगलेले. मजूर मतदारांचं दुसरं मत स्क्रिमजरना गेलं आणि स्क्रिमजरचं मोरेलना. चर्चिलचे जोडीदार मॅकडोनाल्ड होते आणि हुजूर पक्षाने उमेदवार न देऊन त्यांना वाट मोकळी करून दिली होती, तरी दोघांची बेरीज 42,710. समोरच्या दोघांची 62,870. शिवाय लिबरल पक्ष फुटलेला असल्याने पिल्किंग्टन वेगळे उभे होते.

रागाची कारणंही कमी नव्हती. तागाचा धंदा मंदीत होता. चर्चिल युद्धमंत्री असताना आयर्लंडमध्ये ‘ब्लॅक अँड टॅन्स’ या निमलष्करी दलाने केलेला जुलूम लॉखीच्या आयरिश वस्तीला विसरणं शक्य नव्हतं. शहरातली वर्तमानपत्रं चालवणारे डी. सी. थॉमसन आणि चर्चिल यांचं वैर जाहीर होतं. त्यात ऐन प्रचारात चर्चिलचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. पत्नी क्लेमेंटाइन काही आठवड्यांच्या बाळाला घेऊन प्रचाराला आल्या. चर्चिल स्वतः मतदानाच्या जेमतेम चार दिवस आधी पोचले, आणि बसून भाषणं केली. हरल्यावर त्यांनी एका सहकाऱ्याला पत्रात लिहिलं की डंडीच्या लोकांना जे आयुष्य काढावं लागतं ते पाहता त्यांच्याकडे कारणं पुष्कळ आहेत. हे वाक्य मला त्यांच्या मोठेपणाचं वाटतं, आणि थोडं उशिराचंही.

स्क्रिमजर 1931 पर्यंत खासदार राहिले. दारूबंदीचं विधेयक त्यांनी संसदेत मांडलं, ते मोठ्या फरकाने पडलं. मोरेल 1924 च्या शेवटी वारले. त्यांच्या जागी आलेले टॉम जॉन्स्टन 1925 मध्ये डंडीच्या ताग कामगार संघटनेचे जॉन साइम यांच्यासोबत थेट बंगालला गेले आणि हुगळीकाठच्या गिरण्यांतल्या मजुरांची अवस्था पाहून त्यावर अहवाल लिहिला. डंडीच्या खासदाराने करण्यासारखं यापेक्षा योग्य काम मला सुचत नाही. ज्या स्वस्त मजुरीशी डंडीची स्पर्धा होती, ती मजुरी कशी जगते हे पाहायला ते गेले होते.

1931 मध्ये जोडीचं तंत्र उलट बाजूने वापरलं गेलं. राष्ट्रीय सरकारच्या, म्हणजे अनेक पक्षांच्या संयुक्त सरकारच्या, लाटेत लिबरल डिंगल फूट आणि युनियनिस्ट (हुजूर पक्षाचं स्कॉटलंडमधलं नाव) फ्लॉरेन्स हॉर्सब्रा एकेक उमेदवार म्हणून एकत्र उभे राहिले आणि स्क्रिमजर व मजूर पक्ष दोघंही गेले. हॉर्सब्रा डंडीच्या पहिल्या महिला खासदार. पुढे त्या हुजूर पक्षाच्या पहिल्या महिला कॅबिनेट मंत्री झाल्या. 1935 मध्येही ही जोडी टिकली. 1943 मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, डंडीच्या नगर परिषदेने पंतप्रधान चर्चिलना शहराचं मानद नागरिकत्व द्यायचं ठरवलं. ठराव 16 विरुद्ध 15 मतांनी, एका मताने मंजूर झाला. चर्चिलनी सन्मान नाकारला.

1945 ला पहिल्यांदाच मजूर पक्षाने जॉन स्ट्रेची आणि थॉमस कुक या स्वतःच्या दोन उमेदवारांच्या जोडीवर दोन्ही जागा जिंकल्या. ही जुन्या डंडी मतदारसंघाची शेवटची निवडणूक. मजूर सरकारच्याच 1948 च्या कायद्याने दोन जागांचे सगळे मतदारसंघ, विद्यापीठांचे मतदारसंघ आणि मालमत्तेवर मिळणारं जादा मत एकदम रद्द केलं. 1950 पासून डंडी पूर्व आणि डंडी पश्चिम असे दोन मतदारसंघ झाले. कुक पूर्वेतून आणि स्ट्रेची पश्चिमेतून निवडून आले, आणि डंडीकराच्या हातात एकच मत उरलं.

जोड्या जुळवण्याची सोय गेली, पण शहराच्या दोन बाजूंना वेगवेगळं बोलता येऊ लागलं. फेब्रुवारी 1974 मध्ये पूर्वेने स्कॉटिश नॅशनल पार्टीचे गॉर्डन विल्सन यांना निवडलं आणि 1987 पर्यंत ठेवलं. पश्चिम 2015 पर्यंत मजूर पक्षासोबत राहिली. 2024 च्या पुनर्रचनेत पूर्व आणि पश्चिम ही नावंही गेली. आता शहराचा मोठा भाग डंडी सेंट्रलमध्ये आहे आणि उरलेला अरब्रोथ अँड ब्रॉटी फेरीमध्ये.